विनयपिटकातील आरोग्याचे धडे आणि आपले वसतिगृह

विनयपिटक हा ग्रंथ आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. धम्मपदाच्या गाथा मुलांना पाठ असतात, बुद्धवंदना रोज होते, वर्षावासात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. परंतु विनय म्हणजे भिक्खूंचे नियम, गृहस्थांना त्यांचा काय उपयोग, असे समजून आपण तो ग्रंथ बाजूला ठेवतो. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मी तो प्रथम उघडला तेव्हा माझीही समजूत हीच होती. आत सापडले ते मात्र निराळे. अनेक माणसे एकत्र राहू लागली की पाणी कोणी भरायचे, शौचकूपात आधी कोणी जायचे, आजाऱ्याची शुश्रूषा कोणी करायची, दात घासायचे की नाही, जेवायचे किती, असे प्रश्न उभे राहतात. ते अडीच हजार वर्षांपूर्वीही उभे राहिले होते आणि तथागतांनी त्यांतला एकही प्रश्न क्षुल्लक मानला नव्हता. ज्याने निवासी शाळेत आयुष्याची पंचवीस वर्षे काढली, त्याला हा ग्रंथ वसतिगृहाच्या दैनंदिनीसारखा वाटला तर नवल नाही.

आरोग्याच्या सवयींवर लिहावे, असे संपादक मंडळाने मला सुचविले. पहाटे उठा, दात घासा, नखे कापा, हा उपदेश आपण मुलांना पहिलीपासून करीत आलो आहोत. तो पुन्हा येथे करण्यात अर्थ नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. आरोग्य ही ज्याच्या त्याच्या शरीराची खाजगी बाब आहे, असे मानून आपण सवयी शिकवितो. विनयपिटकात मात्र त्या एकमेकांसाठी पाळावयाच्या गोष्टी म्हणून येतात, आणि निवासी शाळेला हीच दृष्टी अधिक उपयोगाची आहे.

महावग्गाच्या चीवरक्खंधकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत तथागत तेथे आले. तुझी शुश्रूषा कोणी करीत नाही काय, असे त्यांनी विचारले. मी इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून माझ्याकडे कोणी पाहत नाही, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून व दुसऱ्याने पायांकडून धरून त्याला उचलले आणि मंचकावर निजविले. मग संघाला बोलावून त्यांनी विचारणा केली. येथे तुमचे आईवडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. एवढ्यावर ते थांबले नाहीत. उपाध्याय असेल तर उपाध्यायाने, आचार्य असेल तर आचार्याने, नाहीतर सोबतच्या शिष्याने आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने आजाऱ्याची शुश्रूषा करावी. न केल्यास तो दोष मानावा, असा नियम त्यांनी घालून दिला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हा प्रसंग आवर्जून घेतला आहे.

या प्रसंगाला जोडूनच आजारी माणसाची व शुश्रूषा करणाऱ्याची लक्षणे सांगितली आहेत. ज्याची शुश्रूषा सोपी जाते असा आजारी कोण? जो पथ्य पाळतो, प्रमाण जाणतो, औषध घेतो, वेदना सोसतो, आणि जो आपला आजार जसा आहे तसा सांगतो. वाढत असेल तर वाढतो आहे म्हणून, कमी होत असेल तर कमी होतो आहे म्हणून. शुश्रूषा करणाऱ्याचे एक लक्षण असे की मलमूत्र, थुंकी, वांती काढताना त्याला किळस वाटत नाही. याच मातीत 1897 मध्ये पुण्याच्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनी 10 मार्च रोजी प्राण ठेवला, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आजार जसा आहे तसा सांगणे. हे वाक्य वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. सन 1982 च्या सुमारास मी ज्या वसतिगृहात शिकत होतो (त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तेव्हाची बहुतेक वसतिगृहे तशीच होती) तेथे माझ्या शेजारच्या वळकटीवर जालन्याकडचा एक मुलगा झोपत असे. पावसाळ्याचे दिवस होते. त्याला रात्रीतून जुलाब सुरू झाले. संडास आवाराच्या टोकाला होते, तेथे दिवा नव्हता आणि अंथरूण खराब करणाऱ्याला सकाळी सर्वांसमोर ते धुवावे लागे. त्याने दोन दिवस कोणाला काही सांगितले नाही. मला ठाऊक होते. त्याने सांगू नकोस म्हटले आणि मी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी त्याला उठता येईना, तेव्हा निरोप गेला आणि वडील येऊन त्याला घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात त्याची पत्र्याची पेटी न्यायला वडील एकटेच आले.

जुलाबात माणूस मरतो तो बहुधा अंगातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते परत कसे द्यावेत हे ज्ञान तेव्हा उपलब्ध होते. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले होते. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. एवढेच. प्रत्येक जुलाबानंतर घोट घोट पाजत राहावयाचे आणि दवाखान्याची वाट धरावयाची. आज आपल्या सहावीच्या मुलांना हे प्रमाण तोंडपाठ आहे. मात्र हे प्रमाण ठाऊक असूनही मुलगा बोललाच नाही तर त्याचा उपयोग काय? म्हणून मी न लाजता सांगण्याची सवय दात घासण्याच्याही आधी ठेवतो.

न लाजता सांगता यावे अशी जागा आधी करून द्यावी लागते. चुल्लवग्गात शौचकूपाविषयीचे नियम आहेत आणि ते मोठे मनोज्ञ आहेत. प्रथम भिक्खू ज्येष्ठतेच्या क्रमाने आत जात. नवदीक्षित आधी येऊनही थांबून राहत. वेग रोखून धरल्याने काही जण मूर्च्छित होऊन पडले. हे तथागतांच्या कानी गेले तेव्हा त्यांनी ज्येष्ठतेचा क्रम तेथे रद्द केला. जो आधी येईल तो आधी जाईल असे ठरविले. वसतिगृहात दहावीची मुले पाचवीच्या मुलांना रांगेतून मागे सारतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या नियमाची थोरवी सांगावी लागत नाही. त्याच खंडात ब्राह्मण कुळातून आलेल्या एका भिक्खूची कथा येते. शौचानंतर धुण्याचे काम त्याला हीन वाटे, म्हणून तो ते टाळीत असे आणि त्यातून त्याला व्याधी जडली. पाणी असताना न धुणे हा दोष, असा नियम त्यावरून झाला. आचमनाचे भांडे रिकामे दिसले तर पुढच्यासाठी भरून ठेवावे, जागा घाण दिसली तर स्वच्छ करावी, असेही तेथे सांगितले आहे. (कोसंबीच्या संघात जी मोठी फूट पडली, तिचे मूळ भांड्यात उरलेल्या पाण्यावरील वादात होते, असे धम्मपदाची अट्ठकथा सांगते. आपल्या हौदावरची भांडणे त्या मानाने लवकर मिटतात.)

स्वच्छतेविषयी बोलताना आपल्या समाजाने एक गोष्ट विसरू नये. ज्यांना पाणवठ्याला शिवू दिले नाही, त्यांनाच शतकानुशतके अस्वच्छ म्हणून हिणविले गेले. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा प्रश्न माणुसकीच्या हक्काचा होता. आणि त्याच वर्षी डिसेंबरात तेथेच स्त्रियांपुढे बोलताना त्यांनी स्वच्छ राहणीचाही आग्रह धरला. या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच ठिकाणी सांगितल्या. म्हणून तोटीला पाणी आणि शेजारी साबण ठेवल्याखेरीज मुलाला हात धुतले नाहीत म्हणून रागावण्याचा अधिकार शिक्षकाला पोहोचत नाही, असे माझे मत आहे. नालंदा विहारात सातव्या शतकात राहून गेलेल्या इत्सिंग या चिनी भिक्खूने लिहून ठेवले आहे की तेथे दहाहून अधिक मोठी तळी होती आणि स्नानाची वेळ झाली की सकाळी घंटा वाजे. सवय लावण्याची रीत ही अशी असते. आधी तळे, मग घंटा आणि उपदेश सर्वांत शेवटी.

आपल्या भागातली जुनी लेणीही हेच सांगतात. कान्हेरी, जुन्नर येथील शिलालेखांत पाण्याच्या टाक्यांच्या दानाचे उल्लेख वारंवार येतात. ‘पोढी’ हा तेथला शब्द. खडकात खोदलेली ही टाकी पावसाचे पाणी धरून ठेवीत. आपल्याच जिल्ह्यात कन्नड तालुक्यातील पितळखोऱ्याच्या लेण्यात मगिल नावाच्या राजवैद्याच्या कुटुंबीयांनी दिलेल्या दानाचे ब्राह्मी लेख आहेत. शैक्षणिक सहलीत मुलांना वेरूळ-अजिंठा दाखविताना आपण चित्रे आणि शिल्पे दाखवितो. पाण्याची टाकीही दाखवावीत.

पाण्याचाच आणखी एक नियम पाहण्यासारखा आहे. भिक्खूने पाणी गाळण्याचे वस्त्र, म्हणजे परिस्सावन, जवळ ठेवावे. कोसल देशात दोन भिक्खू प्रवास करीत होते. एकाजवळ गाळणे होते, दुसऱ्याजवळ नव्हते. मनात अढी असल्यामुळे पहिल्याने मागूनही ते दिले नाही आणि दुसरा तहानेने मेला. तेव्हापासून प्रवासात मागणाऱ्याला गाळणे दिलेच पाहिजे, असा नियम झाला. गाळण्याचा मूळ हेतू पाण्यातील सूक्ष्म जीव वाचविण्याचा होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण गंमत अशी की बांगलादेशातील खेड्यांत जुन्या सुती साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळून पाहिले, तेव्हा पटकीचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटल्याचे 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. कारण पटकीचे जंतू ज्या बारीक जलचरांना चिकटून राहतात, ते कापडात अडकतात. अर्थात गाळलेले पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. गाळल्यावर ते उकळले पाहिजे किंवा त्यात क्लोरीन योग्य प्रमाणात घातले पाहिजे.

आता शेंद्र्याच्या वर्षाकडे वळू. जून ते सप्टेंबर हा आपला सर्वांत नाजूक काळ. पाण्याचे आजार याच काळात येतात आणि डासही. मराठवाड्यात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरोघरी पिंप, हौद, रांजण भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास नेमका अशा साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस प्रत्येक भांडे रिकामे करून, घासून, कोरडे ठेवावयाचे. हा ‘कोरडा दिवस’ शाळेत पाळला जातो, घरी पाळला जात नाही, असा माझा अनुभव आहे. टंचाईत साठविलेले पाणी ओतून देणे आयांच्या जिवावर येते आणि त्यांचे काही चुकत नाही. त्यांना मी एवढेच सांगतो की पाणी ओतू नका. ते कापडातून दुसऱ्या भांड्यात गाळून घ्या, पहिले भांडे आतून घासा आणि झाकण घट्ट लावा.

थंडीत खरूज येते. एका मुलाला झाली की ती त्याची एकट्याची राहत नाही. त्या खोलीतल्या सर्वांना एकाच दिवशी मानेपासून पायापर्यंत मलम लावावे लागते, सर्वांचे कपडे व पांघरुणे गरम पाण्यात धुऊन उन्हात टाकावी लागतात. ज्याला खाज नाही तो कुरकुर करतो. पण एकाला वगळले की महिन्याभरात पुन्हा पहिला दिवस. उन्हाळ्याविषयी थोडेच लिहितो, कारण तो येथे सर्वांना पाठ आहे. पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दुपारी बारा ते चार मैदान बंद ठेवावे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. अंग तापून मूल बरळू लागले तर त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत, वारा घालत तातडीने दवाखान्यात न्यावे.

आहाराच्या बाबतीत मला कोसलनरेश पसेनदीची गोष्ट आवडते. राजा द्रोणभर भात खाई आणि धापा टाकीत तथागतांकडे येई. मिताहाराने वेदना कमी होतात व आयुष्य टिकते, अशा आशयाची गाथा तथागतांनी त्याला ऐकविली. राजाने ती सुदस्सन नावाच्या तरुणाला पाठ करावयास लावली आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणण्यासाठी त्याला शंभर कहापण देऊ केले. हळूहळू त्याचा आहार नाळीभर भातावर आला. राजाला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून त्याने आठवण करून देणारा माणूस ठेवला, यात मला त्याचा मोठेपणा दिसतो. आपल्या मुलांचा प्रश्न मात्र अतिआहाराचा नाही, चुकीच्या आहाराचा आहे. भाकरी म्हणजे गरिबी, असे एक गणित त्यांच्या मनात बसले आहे. ताटातली ज्वारीची भाकरी बाजूला सरते आणि भेटीच्या रविवारी पाच-पाच रुपयांच्या पाकिटांचा ढीग पडतो. 2023 हे वर्ष भरडधान्याचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साऱ्या जगाने पाळले. ज्वारी-बाजरी त्यातच येतात. आपल्या आजोबांचे अन्न शहरातल्या मोठ्या दुकानांतून महाग होऊन विकले जात असताना आपण ते उष्ट्यात टाकावे, हे मला पटत नाही. मुलींना आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मळमळ होते म्हणून गुपचूप फेकली जाते. ती रिकाम्या पोटी घेऊ नये, जेवणानंतर घ्यावी. लगेच चहा पिऊ नये आणि जेवणात लिंबू असू द्यावे.

चालण्याचे पाच लाभ अंगुत्तर निकायात सांगितले आहेत: प्रवासाला माणूस समर्थ होतो, कष्टाला समर्थ होतो, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालताना लाभलेली एकाग्रता दीर्घकाळ टिकते. सायंकाळच्या वंदनेपूर्वी मैदानाला पाच फेऱ्या मारण्याची आपली प्रथा यावरूनच पडली आहे.

झोपेविषयी जे लिहितो आहे, त्याने काही मित्र रागावतील. दर एप्रिलमध्ये बाबासाहेबांना अभिवादन म्हणून सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. मी त्यांत तरुणपणी बसलो आहे आणि तो एक दिवस मोलाचा आहे. परंतु परीक्षेच्या काळात तेराचौदा वर्षांची मुले तो रोजचा आदर्श मानतात आणि वर्गात डुलक्या घेतात. या वयाला रात्री आठ ते दहा तासांची झोप लागते. बाबासाहेबांनी रात्री जाळल्या त्या दुसरा मार्ग नव्हता म्हणून. मधुमेह, पायांच्या वेदना, अखेरच्या वर्षांत मंदावलेली दृष्टी ही त्यांनी मोजलेली किंमत होती आणि 6 डिसेंबर 1956 रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, आपण त्यांना गमावले. ती किंमत त्यांनी मोजली ती आपल्या मुलांना दिवसाउजेडी शिकता यावे म्हणून.

पालकांना एक विनंती आहे. आपल्यापैकी बरेच जण औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातात. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने मुलाला पहाटे उठवावे, असे मी म्हणणार नाही. पण दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मूल घरी येते, तेव्हा त्याच्यासमोर तंबाखूची पुडी निघू नये. पाचवे शील घेऊन दारू सोडलेले अनेक बांधव मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींनी तंबाखू मात्र शीलाबाहेर ठेवली आहे.

आता आपल्या शाळेत गेली काही वर्षे चाललेल्या एका पद्धतीविषयी. सकाळच्या वंदनेनंतर कोणाला बरे वाटत नाही, असे मी विचारीत असे. एकही हात वर होत नसे. मग आम्ही जोड्या लावल्या. मोठ्या वर्गातील एक आणि लहान वर्गातील एक. आता प्रत्येकाने स्वतःविषयी नव्हे, जोडीदाराविषयी सांगावयाचे असते: रात्री उठला का, जेवला का, खोकला का. गृहपाल ते वहीत लिहून घेतात. स्वतःचे दुखणे सांगावयास लाजणारी मुले दुसऱ्याचे दुखणे मोकळेपणाने सांगतात, असे दिसून आले. अंथरूण खराब झाले तर ते गृहपाल आणि मी धुतो. मुलांकडे ते काम नाही.

गेल्या पावसाळ्यात सहावीतली एक मुलगी भल्या पहाटे धावत आली. तिची आठवीतली जोडीदारीण रात्रीपासून चार वेळा जाऊन आली होती आणि कोणाला सांगू नकोस म्हणून तिने शपथ घातली होती. मीठ-साखरेचे पाणी देत देत आम्ही तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेले. चौथ्या दिवशी ती वर्गात होती. शपथ मोडली म्हणून पुढे आठवडाभर ती त्या धाकटीशी बोलली नाही. यंदा जूनमध्ये नव्या जोड्या लावताना मात्र तिने येऊन विचारले, सर, मला पुन्हा तीच मिळेल का?